एका गोष्टीला एकच शब्द

४ मार्च, सोमवार

शेवटी माझं ऐकलं एकदाचं. पालिकेचे सहा विभाग सहा भाषांत पत्रकं काढतात, असं मी किती वर्षं ओरडतेय, आणि सगळे मला हसण्यावारी नेतात. आज साहेबांनी स्वतः केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "तुमची ती लेखनपुस्तिका होऊन जाऊ दे. कोणत्या गोष्टीला काय म्हणायचं ते एकदाच ठरवा. सगळे विभाग तुमच्या पुस्तिकेप्रमाणे लिहितील."

त्यांना हे सुचण्याचं कारण म्हणजे एक खड्डा. एकाच गल्लीतल्या एकाच खड्ड्यासाठी रस्ते विभागानं लिहिलं 'उत्खनन', पाणी विभागानं 'वाहिनी दुरुस्ती' आणि बाग विभागानं 'तात्पुरती गैरसोय'. लोकांना वाटलं, तीन खड्डे. एक गृहस्थ तर तिसरा खड्डा सापडत नाही म्हणून तक्रार घेऊन आले.

घरी येऊन कधी एकदा सांगते असं झालं होतं. घरी सांगायला कुणी असणं हेही मला नवीनच. बाबांना मेंदूचा झटका आला तेव्हापासून आई-बाबा माझ्याकडे आहेत. हातपाय वाचले, शब्द गेले. म्हणजे आत असतील, पण बाहेर येताना भलताच येतो. चहाला 'मोजा' म्हणतात, दिव्याला 'परवा'. समजतं बहुतेक सगळं.

बाबांनी जन्मभर शहराची बस चालवली. तिला त्यांनी कधी 'बस' म्हटलं नाही, ती 'गाडी'. सकाळी तिच्या अंगावर थाप मारून "चल गं" म्हणायचे. आमच्यापेक्षा तिचे लाड जास्त, असं आई म्हणायची.

पुस्तिकेचं सांगितलं तर माझा हात हातात घेऊन म्हणाले, "छान, छान, जिना." जिना म्हणजे मी असणार. काल मी उशी होते.

७ मार्च, गुरुवार

बाबांना बोलायला शिकवणाऱ्या बाई आज आल्या. मनातल्या मनात मी त्यांना बोलबाई म्हणते. स्वतः फार कमी बोलतात, म्हणून.

जाताना आईनं त्यांना जिन्यात गाठलं. "आम्हाला आमच्या घरी कधी जाता येईल?" बोलबाई म्हणाल्या, "काकू, दोघंच राहायचं तर एक गोष्ट जमायलाच हवी. काका एका खोलीत, तुम्ही दुसऱ्या. त्यांना काही झालं, तर त्यांना तुम्हाला हाक मारता आली पाहिजे. दर वेळी. एप्रिल संपताना बघू या."

आई आत आली आणि पोळपाट धुवायला लागली. मी म्हटलं, "इथे तुला काय कमी आहे?" ती म्हणाली, "काही नाही गं. पण इथे मला डबे शोधावे लागतात."

आईचं नाव तीनच अक्षरांचं आहे. एप्रिल संपायच्या आत मी ते बाबांच्या तोंडी बसवणार. शब्द बसवणं हेच तर माझं काम आहे.

९ मार्च, शनिवार

सुट्टीचा दिवस सत्कारणी लावला. घरातल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी चिकटवली, ठळक अक्षरांत. आता अर्धवट काही करायचं नाही असं ठरवून पुस्तिकेच्या थाटाचेच शब्द घेतले. शीतकपाट. दूरदर्शन संच. प्रक्षालनपात्र. पादत्राणे.

आईनं प्रक्षालनपात्रापुढे उभं राहून चिठ्ठी वाचली आणि मला विचारलं, "आता यात हात धुतले तर चालतील ना?" तिची चेष्टा करायची सवय जाणार नाही.

बाबा फ्रिजसमोर बराच वेळ उभे होते. वाचत असावेत.

१३ मार्च, बुधवार

विभागप्रमुखांची बैठक. डोक्यावर बर्फ ठेवून गेले होते, म्हणून निभावलं.

मी त्यांना एकाच माणसाला आलेली पत्रं दाखवली. पाणी विभागासाठी तो ग्राहक, कर विभागासाठी धारक, आरोग्य विभागासाठी लाभार्थी, बाग विभागासाठी अभ्यागत, आणि परवान्याच्या खिडकीवर नुसताच अर्जदार. म्हटलं, हा गरीब सकाळी उठून आरशात बघतो तेव्हा त्यानं कुणाला बघायचं? साहेब हसले. 'नागरिक' मंजूर झालं. 'सायं. ५.००', '१७ वा.' आणि 'दिवेलागणीच्या सुमारास' (हे बाग विभागाचं) यांच्याऐवजी 'संध्याकाळी पाच वाजता' मंजूर झालं.

कचरा विभागानं मात्र घोडं अडवलं. त्यांच्या पत्रकांत कुठे 'गाडी', कुठे 'कचरागाडी', कुठे 'वाहन'. मी म्हटलं, पालिकेच्या कागदाला थोडा तरी भारदस्तपणा नको का? 'घनकचरा संकलन वाहन' हे ठरलं. त्यांच्या प्रमुखांनी नाक मुरडलं, पण सही केली. नवीन वेळापत्रकाचं पत्रक पुस्तिकेप्रमाणे निघणारं पहिलं पत्रक असणार आहे. घरी जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं. बाबा लक्ष देऊन ऐकत होते. मध्येच म्हणाले, "गाडी." आवाज स्पष्ट. मी म्हटलं, "गाडी नाही बाबा, वाहन."

ते ताटाकडे बघत राहिले.

१७ मार्च, रविवार

दोन गोष्टी लिहून ठेवायच्या आहेत, आणि एकही चांगली नाही.

एक. मागच्या आठवड्यापर्यंत बाबा दुधासाठी फ्रिजकडे बोट दाखवून "फ्रिज" म्हणायचे. त्यांच्या शाबूत राहिलेल्या थोड्या शब्दांपैकी तो एक. आता तिथे जाऊन गप्प उभे राहतात. चिठ्ठीकडे बघतात, माझ्याकडे बघतात. डॉक्टरांना विचारलं पाहिजे, आजार वाढत तर नसेल?

दोन. ते आईला 'बादली' म्हणतात. मला आधी वाटलं बादलीच हवीय. मी नेऊन दिली, तर रागावून पायानं बाजूला सारली. आई आली, त्यांच्या पाठीशी उशी सरकवली, आणि सगळं शांत. मी सांगितलं, "बाबा, ही बादली नाही. ही कोण? सांगा बरं." आणि आईच्या नावाचं पहिलं अक्षर म्हणून दाखवलं. त्यांनी ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. डोळ्यांत पाणी आलं.

आई म्हणाली, "असू दे ना. मी आले ना?"

ती मुद्दामच खतपाणी घालते. अशानं ते नाव शिकतील कसे?

मी आज 'सोमवार' होते. दुपारी 'कात्री'.

२६ मार्च, मंगळवार

आजचा दिवस पुस्तिकेत नसलेल्या शब्दांनी भरलेला होता, आणि ते सगळे मला उद्देशून होते.

पत्रक परवा घरोघर गेलं. आज तक्रारींच्या फोनवर बसणारी माझी मैत्रीण, जिला आख्खी पालिका फोनताई म्हणते, ती जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर येऊन बसली आणि तिनं पाढाच वाचला. "हे घनकचरा संकलन वाहन कधी सुरू होणार, असे फोन येतायत. आणि आमची गाडी का बंद केली, असेही येतायत."

"गाडी कुठे बंद केलीय? तीच तर ती!"

"हे तुला माहितीय आणि मला. पूर्वेकडच्या चाळीत लोक गाडी आल्यावर पिशव्या घेऊन बाहेरच आले नाहीत. म्हणे, आता वाहन येणार आहे. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून दमला. एका आजीबाईंनी विचारलं, वाहनासाठी वेगळी पिशवी लागेल का?"

मी कपाळाला हात लावला. फोनताईनं तिच्या डब्यातला अर्धा भाग माझ्या झाकणात काढून ठेवला. "खा. सगळं शहर घाण करून उपाशी कशाला बसतेस?"

२८ मार्च, गुरुवार

बोलबाई खूप दिवसांनी आतपर्यंत आल्या. एरवी बाहेरच्या खोलीत शिकवून जातात. आज हात धुवायला गेल्या आणि प्रक्षालनपात्राशी थबकल्या. मग एकेक करत घरभर फिरल्या. मला वाटलं, शाबासकी मिळणार.

"ताई, तुमच्या घरात याला आजवर काय म्हणत होते?"

"फ्रिज."

"मग काकांनी हा नवा शब्द आणायचा कुठून? त्यांच्याकडे जे उरलंय त्यालाच हात धरून बाहेर काढायचंय. तुम्ही तर त्यावर पांघरूण घातलंत." आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर मी भांडले तरी असते. "एका गोष्टीला एकच शब्द, हे तुमचं बरोबर आहे. पण तो त्यांचा हवा."

त्या गेल्यावर मी न्हाणीघरात जाऊन रडले. आजार वाढला नव्हता. त्यांना गप्प मी केलं होतं.

३० मार्च, शनिवार

चिठ्ठ्या काढल्या. बाबा माझ्याबरोबर फिरत होते, मी एकेक सोलून त्यांच्या हातात देत होते, आणि ते त्यांचा चुरा करत होते. इतकं खूश मी त्यांना खूप दिवसांनी पाहिलं. 'पादत्राणे' तर त्यांनी अगदी मन लावून फाडलं.

नवीन चिठ्ठ्या आईनं सांगितल्या. फ्रिज. टीव्ही. बेसिन. चपला. बाल्कनीतल्या खुर्चीला आमच्याकडे का कोण जाणे 'गादी' म्हणतात, तर गादी. संध्याकाळी बाबा आपण होऊन आत गेले आणि तिथून आवाज आला, "फ्रिज!" आईनं पळत जाऊन दूध दिलं. फ्रिज उघडून दूध त्यांनाही घेता आलं असतं, पण ते बोलणं साजरं करायला हवं होतंच.

सोमवारी पत्रकात 'गाडी' हा शब्द परत आणायला सांगणार आहे. साहेबांना काय सांगायचं ते अजून ठरत नाही.

१ एप्रिल, सोमवार

खरं ते सांगितलं. साहेब म्हणाले, "म्हणजे पुस्तिका रद्द?" मी म्हटलं, "नाही, पुस्तिका राहील. फक्त शब्द मी केबिनमध्ये बसून ठरवणार नाही." आजपासून रोज दुपारी तासभर फोनताईशेजारी बसायचं. लोक कशाला काय म्हणतात ते ऐकायचं. ज्याला बहुतेक लोक एकच शब्द वापरतात तो शब्द ठरला, मग तो मला आवडो न आवडो. गटाराच्या झाकणाला सगळे 'चेंबर' म्हणतात. मला आवडत नाही. ठेवला.

कचरा विभागाच्या प्रमुखांनी नव्या पत्रकावर सही करताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सज्जन माणूस.

११ एप्रिल, गुरुवार

आई माझ्याशी बोलत नाही.

बाकी सगळं मी बोलबाईंचं ऐकलं, पण आईचं नाव हे वेगळं आहे. ते काही मी शोधून काढलेलं नाही. ते लग्नाआधीपासून तिचंच आहे, आणि बाबांनी जन्मभर तिला त्याच नावानं हाक मारली. म्हणून रोज संध्याकाळी सराव घेते. पहिलं अक्षर येतं. दुसऱ्याला अडतात. आज अडले आणि मी पुन्हा म्हणायला लावलं, आणि पुन्हा. त्यांनी टेबलावरचा पेला ढकलून दिला. आयुष्यात कधी वस्तू न फेकलेला माणूस.

आई काचा गोळा करताना म्हणाली, "तुला माझं नाव त्यांच्या तोंडून ऐकायचंय. मला नाही ऐकायचं. मला ते ऐकून ऐकून पाठ आहे."

मी म्हटलं, "मग जन्मभर बादली म्हणवून घेशील?"

"घेईन."

"आणि परीक्षेचं काय? घरी जायचंय ना तुला?"

यावर ती गप्प बसली ती बसलीच.

तिला काय जातंय. तिला रोज तोच एक शब्द तरी मिळतो. मी आज सकाळी 'साबण' होते आणि रात्री जेवताना काहीच नव्हते, नुसतं बोट केलं माझ्याकडे.

१८ एप्रिल, गुरुवार

आई बोलली. "मीठ कुठे ठेवलंस?" एवढंच, पण चालतं मला.

सराव थांबवला आहे. संध्याकाळी बाबा आणि मी गादीवर आणि शेजारच्या स्टुलावर बसून रस्ता बघतो. बस गेली की ते मान वळवून ती वळणापलीकडे जाईपर्यंत बघतात. कुणी गिअर चुकीचा टाकला तर ओठ मुडपतात. मी पुस्तिकेची पानं तपासत बसते. कुणी काही बोलत नाही. बरं वाटतं. घरात दोन जास्तीचे चष्मे असण्याची सवय झाली आहे मला.

२६ एप्रिल, शुक्रवार

आज परीक्षा झाली. मी रजा घेतली होती.

बोलबाईंनी बाबांना आतल्या खोलीत बसवलं, आईला स्वयंपाकघरात पाठवलं, मला मधल्या बोळात उभं केलं. "काका, काकूंना बोलवा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मला राहवेना म्हणून आईच्या नावाचं पहिलं अक्षर ओठांनी करून दाखवलं. कॉपी पुरवणारी मुलगी! त्यांनी प्रयत्न केला. मानेच्या शिरा ताणल्या, कपाळावर घाम आला. पहिलं अक्षर आलं. मग काही नाही. त्यांनी मान हलवली आणि गुडघ्यावरचा हात खाली सोडला.

इथे खोटं लिहायचं नाही. क्षणभर मला हायसं वाटलं. आता राहतील, असं वाटलं. मग स्वतःचीच इतकी लाज वाटली की मी भिंतीकडे तोंड केलं.

आणि मी तोंड फिरवल्यावर मागून हाक आली. मोठी, मोकळी, रस्त्यावरून घरात मारावी तशी. "बादली!"

"आले, आले," आई म्हणाली. हात ओले, तशीच आली. "काय हो?" बाबांनी शेजारची जागा थोपटली. ती बसली.

बोलबाईंनी तिला पुन्हा पाठवलं, या वेळी बाल्कनीत. पुन्हा हाक, पुन्हा आई हजर. मग बाईंच्या मनात काय आलं कोण जाणे, आई न्हाणीघरात कपडे भिजवत असताना त्यांनी स्वतःच आवाज दिला, "बादली!" आतून उत्तर आलं, "इथेच आहे, हवी असेल तर घेऊन जा." ती काही उठली नाही.

आम्ही तिघंही हसलो. बाबा सगळ्यांत जास्त.

"झालं," बोलबाई पर्स उचलत म्हणाल्या. "जाऊ शकता."

मी म्हटलं, "पण नाव नाही आलं."

"नाव कुणी मागितलं होतं, ताई? हाक मारता यायला हवी होती. आणि जिला मारली तिनं यायला हवं होतं."

आई डबे बांधायला लागलीसुद्धा.

५ मे, रविवार

पोचवून आले. आईनं कुलूप उघडल्या उघडल्या आत जाऊन डोळे मिटून साखरेचा डबा काढून दाखवला. बाबांनी भिंतीवरचा त्यांच्या गाडीचा फोटो रुमालानं पुसला.

घरी आल्यावर बेसिनवरची चिठ्ठी काढायला गेले आणि नाही काढली. मला माहीत आहे की ते बेसिन आहे.

९ मे, गुरुवार

पुस्तिका साहेबांकडे दिली. पहिल्या पानावर नियम एकच ठेवला आहे. 'ज्या शब्दाला लोक ओ देतात तो शब्द वापरावा, आणि मग तो बदलू नये.' साहेब म्हणाले, "ओ देतात, हे जरा घरगुती नाही वाटत?" पेन उघडून शब्दावर धरलं. मग बंद करून खिशात ठेवलं.

१२ मे, रविवार

आई-बाबांकडे गेले. घंटी वाजवली, दार बाबांनी उघडलं. क्षणभर बघत राहिले. आज मी काय होणार, असा विचार करत मी चपला काढायला वाकले.

"गाडी!" बाबा म्हणाले.

आतून आईनं विचारलं, "कोण आलंय हो?"

"गाडी," त्यांनी आत वळून सांगितलं. दोन्ही वेळा तोच शब्द. मग माझ्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच, आणि मला आत घेतलं.

मी चहा पिताना आईला म्हटलं, "बघ, ते पत्रक वाचून दाखवलं त्याचा परिणाम. तू निदान बादली. मी कचऱ्याची गाडी!"

आई माझ्याकडे बघत राहिली. मग भिंतीकडे बघितलं, मग बाबांकडे. "वेडी आहेस," एवढंच म्हणाली, आणि तिचे डोळे का भरून आले ते तिनं सांगितलं नाही. मला वाटतं घरी परत आल्याचा आनंद अजून ओसरलेला नाही.

शब्द दुरुस्त करायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

१५ मे, बुधवार

ऑफिसात आईच्या नंबरवरून फोन आला. उचलला तर पलीकडे नुसता श्वास, आणि मागे आईची कुजबुज, "बोला ना."

"गाडी?" बाबा म्हणाले.

साहेब समोर बसले होते, टेबलावर सगळ्या विभागांची पत्रकं पसरलेली होती. मी ओ दिली.